कांद्याच्या यंत्रात टेप

जावयाचं वागणं मालकीणबाईंना मुळीच पटत नव्हतं. माणसानं भ्यावं, त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांचा नवरा पालीला भ्यायचा आणि तरी त्याच्याबरोबर त्यांनी उभा संसार केला. पण भ्यायचं तर उघड भ्यावं. हा गडी आपल्या भीतीला रोज नवं झबलं शिवायचा. कधी म्हणे हवा दमट आहे, कधी म्हणे टेपच्या यंत्राचा पट्टा सैल आहे, कधी म्हणे दुकानात गर्दी आहे. जेवताना मान ताटात. मामांनी "कधी?" म्हणून विचारलं की "उद्या लावू" म्हणायचं आणि घास तसाच टाकून हात धुवायला उठायचं.

"तुझ्या नवऱ्याचा उद्या कुठल्या वारी येतो गं?" मालकीणबाईंनी लेकीला विचारलं.

"आई, नाजूक काम आहे ते."

"नाजूक कामं मीही करते. कारखान्यात बायकांकडून पोत्यांनी कांदा चिरून, वाळवून घेते, अजून एकीचंही बोट जाऊ दिलेलं नाही."

लेकीनं विषय सोडून दिला. आईशी वाद घालणं म्हणजे दळण टाकून पीठ न मागणं, हे तिला लहानपणीच कळलं होतं.

मामा म्हणजे मालकीणबाईंचा धाकटा भाऊ. लेक त्यांना मामा म्हणायची म्हणून सगळं घर मामाच म्हणायचं. मागच्या वर्षी त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं आटून चारपाच शब्दांवर आलं. हो, नको, ताई, कधी. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. व्यायाम शिकवणारी बाई यायची, हातात रबरी चेंडू द्यायची, मामा तो खाली सोडून द्यायचे. बाई उचलायची, मामा सोडायचे. शेवटी तीच म्हणाली, "यांच्या मनातच नाही, तर मी काय करू?"

मग माळ्यावरच्या सामानात टेपचं एक मोठं चाक सापडलं. जुन्या वहाणांच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. जावयानं ते खाली आणलं तेव्हा मामांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं. "ताई," म्हणाले, आणि डावा हात पुढे केला. त्या दिवसापासून चेंडू खाली पडला नव्हता. ती टेप वाजायची आहे, एवढ्या एका गोष्टीवर माणूस जगायला लागला होता. म्हणून तर मालकीणबाईंना त्या 'उद्या'चा संताप यायचा. त्यांच्या भावाचा जीव असा टांगून ठेवायचा जावयाला काय अधिकार?

त्या टेपची गोष्ट अशी. मामा तरुणपणी चार जाड तारांची गिटार वाजवायचे, बास. चौघांचा संच होता. जॅझ वाजवायचे, पण विजेची वाद्यं लावून, नाचाचा ठेका घालून, आणि तो ठेकाही असा लंगडा की सरळ नाचू गेलं तर पाय पायात अडकावा. फ्यूजन म्हणतात त्याला. मालकीणबाई म्हणायच्या, दोन भाज्या एकाच ट्रेवर वाळवल्या की काय होतं ते. संचाची एकच रेकॉर्ड निघाली, आणि निघाली तीही न निघाल्यासारखी. कंपनीनं वरून गाणारी बसवली, व्हायोलिनांचा चिखल ओतला, मामांची गिटार खाली गाडली. ढोलवाल्याला तर पार काढूनच टाकलं आणि आपला पगारी माणूस बसवला, कारण म्हणे पहिल्याच्या ठेक्यावर लोकांना नाचता येत नाही. त्या ढोलवाल्याला सगळे धडाम म्हणायचे. छापलेली रेकॉर्ड त्यानं पूर्ण ऐकली, नीट पुसून पाकिटात घातली आणि म्हणाला, "छान आहे. वाजवतंय कोण?" पुढं तो एका तापात गेला. मागे ना बायको, ना पोर, ना फोटो. माळ्यावरची टेप मात्र मूळची होती, गाणारीच्या आणि व्हायोलिनांच्या आधीची.

जावई या घरात शिरला तोही त्या रेकॉर्डच्या मागून. तो बहिऱ्यांच्या कानात घालायची यंत्रं दुरुस्त करायचा. दिवसभर ज्यांना ऐकू येत नाही त्यांना ऐकवायचं आणि संध्याकाळी ज्यांचं कुणी ऐकलं नाही त्यांचं ऐकायचं, असा त्याचा शिरस्ता. भंगारवाल्याकडे ती रेकॉर्ड मिळाली. बास वाजवणारा कोण, असं विचारत विचारत तो दाराशी आला. "रेकॉर्ड शोधायला आला आणि लेक घेऊन गेला," असं मालकीणबाई पाहुण्यांना सांगायच्या, आणि वर, "घेऊन तरी कुठं गेला, वरच्याच मजल्यावर राहतो," असं.

त्याच्याकडे अशा लोकांचा खजिनाच होता. एक जण रणशिंगासारखं लांब पितळी वाद्य वाजवायचा आणि पुढं दुधाची गाडी चालवत मेला. एक बाई विजेचा पियानो असा वाजवायची की सूर पाण्यात बुडवून काढल्यासारखे यायचे, आणि तिच्या एकुलत्या एका रेकॉर्डवर फोटो छापला होता भलत्याच बाईचा. दोघे भाऊ होते, त्यांची रेकॉर्ड ज्या आठवड्यात निघाली त्याच आठवड्यात कंपनीला टाळं लागलं. जावई त्यांच्या नातेवाइकांना शोधून फोन करायचा. पुष्कळदा नातेवाईकच म्हणायचे, "असं? वाजवायचे का ते?"

मालकीणबाई हसायच्या. पण एकदा त्यानं त्यांना मामांच्या रेकॉर्डमधली एक जागा ऐकवली होती. गाणारी श्वास घेते, व्हायोलिनं कशी कोण जाणे एकदम थांबतात, आणि त्या फटीतून बासचे तीन सूर वर येतात, बस तीन. मग पुन्हा चिखल. मालकीणबाईंनी ती जागा पुन्हा लावायला लावली, पुन्हा, आणि आणखी एकदा. "हा माझा भाऊ," त्या म्हणाल्या होत्या, जणू गर्दीत तो त्यांना दिसलाच होता.

म्हणून एका सकाळी त्या थेट जावयाच्या दुकानात गेल्या.

दुकान म्हणजे एक काउंटर, मुंगीएवढे स्क्रू, भिंतीवर कापलेल्या कानाचं चित्र आणि खुर्चीवर एक म्हातारबुवा. त्यांचं यंत्र जावयाच्या हातात उघडून पडलेलं होतं.

"जावईबापू, आज उद्या आहे का?" मालकीणबाईंनी दारातूनच विचारलं. "माझा भाऊ तिकडं वाट बघून अर्धा झालाय आणि तुम्ही इथं मूग गिळून बसलात."

म्हातारबुवांनी वळून पाहिलं. "यंत्र नसतानाही ऐकू आलं बघा," ते जावयाला म्हणाले. "ठेवा ते यंत्र. या बाईच देऊन टाका."

जावई हसला नाही. त्यानं बुवांना यंत्र जोडून दिलं, रस्त्याला लावलं, दार ओढून घेतलं आणि खालच्या खणातून टेपचं चाक काढलं. ते तो दुकानातही बरोबर घेऊन फिरत होता. त्यानं ते खिडकीच्या उजेडात धरलं.

"बघा, आई."

चाकावर टेप गुंडाळलेली, कांद्याच्या पाकळीवर पाकळी असावी तशी. बाहेरचा जाड पट्टा काळाकुट्ट. पण आतला गाभा, मधल्या भोकाजवळचा, मधासारखा तपकिरी होता आणि त्यातून उजेड आरपार येत होता.

"दोन जातीच्या टेपा आहेत," तो म्हणाला. "एकमेकींना जोडलेल्या. मला वाटलं एकच आहे. बाहेरच्या काळ्या टेपला ओल लागलीय. तिचा थर चिकट झालाय. अशी लावली तर तो थर खरवडून निघतो, आणि त्या थरातच तर आवाज असतो. तिला मंद उबेत दिवसभर ठेवावं लागतं, मग ती थोडे दिवस सुधारते, तेवढ्यात वाजवून घ्यायची."

"मग माझं कांदा वाळवायचं यंत्र आहे ना. त्यासाठीच तर ते धुऊन ठेवायला सांगितलंत."

"हो. पण आतली जुन्या जातीची आहे. तिला ऊब सोसत नाही. वाकते, कडा वळतात, काचेसारखी मोडते." त्यानं चाक फडक्यात गुंडाळलं. "ऊब दिली तर बाहेरची वाचते, आतली जाते. नाही दिली तर आतल्या टेपपर्यंत पोचायला बाहेरची उलगडावी लागणार, आणि उलगडतानाच चिकट थर सुटून ती जाणार. एकीला वाचवायचं म्हणजे दुसरीला मारायचं."

"हा उद्योग केला कुणी?"

"संचातल्यांनीच. नवी टेप संपली असेल, स्टुडिओत पडलेली जुनी घेतली. रिकामं चाक नसेल, म्हणून एकाच चाकावर जोडून टाकली. त्यांना काय ठाऊक, कधी कुणी ही भट्टीत घालेल."

मालकीणबाई खुर्चीवर बसल्या. "मग हे मामाला का नाही सांगितलंत?"

जावई एक स्क्रू बोटाखाली इकडून तिकडे ढकलत राहिला. मग म्हणाला, "आई, न लावलेली टेप शाबूत असते. लावली की कळतं. मामांनी चेंडू धरलाय हातात. मी सांगितलं आणि त्यांनी सोडला तर?"

मालकीणबाईंच्या जिभेवर चांगलं झणझणीत उत्तर आलं होतं. ते आलं आणि तिथंच बसलं. कारण एक गोष्ट त्यांच्या त्यांनाच दिसली. रोज रात्री जेवताना तो "उद्या" म्हणायचा, तेव्हा त्यांना राग यायचा हे खरं. पण रागाच्या खाली, तळाशी, बरंही वाटायचं. आज नाही ना. आजचा दिवस तर गेला ना.

"उठा," त्या म्हणाल्या. "दुकान बंद करा. तुमच्यानं होत नसेल तर मी सांगते."

पण घरी जाताना कोपऱ्यावर त्या उगाच एका दुकानापाशी थांबल्या, दोऱ्याचं रीळ विकत घेतलं. घरात दोऱ्याची अर्धा डझन रिळं होती. जावयानं पाहिलं आणि रीळ आपल्या खिशात ठेवून घेतलं.

मामा खिडकीपाशी खुर्चीत होते. लेक त्यांची नखं कापत होती. मालकीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. त्यांना तो ठेवताच यायचा नाही. कांद्याची उपमा देऊन सगळं सांगितलं. बाहेरची पाकळी की आतला गाभा, एकच वाचेल. सांगताना त्या भावाच्या तोंडाकडे बघत नव्हत्या, चेंडूकडे बघत होत्या.

चेंडू हातातच राहिला. मग मामांनी तो मांडीवर ठेवला आणि मानेनं चाक मागितलं. जावयानं ते त्यांच्या डाव्या हातात दिलं आणि खालून आपला हात धरला. मामांनी ते उजेडात धरून पाहिलं. काळा पट्टा. मग मधाळ गाभा. गाभ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, ओळखीच्या माणसाच्या गालावरून फिरवावा तसा.

"मी," ते म्हणाले.

"आत तुम्ही आहात?" जावयानं विचारलं. "एकटे?"

"हो."

शेवटी, नवी टेप संपल्यावर, मामांनी एकट्यानं वाजवलं होतं. कुणी गाणारी नाही, व्हायोलिन नाही, तीन सुरांची फट नाही. फक्त बास. जावयाचं तोंड उतरलं. इतकी वर्षं ज्या आवाजाचे तीन सूर त्यानं फटीतून ऐकले होते तो सगळाच्या सगळा त्या गाभ्यात होता.

"आणि बाहेर?" मालकीणबाईंनी विचारलं.

मामांना शब्द सापडेना. ओठ हलले, थांबले. मग त्यांनी खुर्चीच्या दांडीवर डाव्या हातानं ठेका धरला. लंगडा, पुढं पडता पडता सावरणारा. एकदा, दोनदा. आणि तोंडातून शब्द निघाला, झटक्यानंतर कधीच न निघालेला.

"धडाम."

मग जावई पुढं वाकला. "मामा, नीट विचार करा. आत तुम्ही आहात. ऊब दिली तर तुमचं एकट्याचं काही उरणार नाही. कुठंच नाही."

मामा त्याच्याकडे बघत राहिले. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसं बोलले.

"मी आहे. इथं. धडाम नाही."

लेकीनं नखं कापायचं यंत्र खाली ठेवलं आणि उठून आत गेली. मालकीणबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. हलल्या असत्या तर त्यांनी "नको" म्हटलं असतं. भाऊ त्यांचा होता, धडाम कोण लागून गेला होता? वेळीअवेळी जेवायला यायचा आणि चमच्यांनी त्यांच्या ट्रेवर बडवत बसायचा. "बंद कर तो धुडगूस," असं त्या ओरडायच्या, तर तो ठेका तसाच धरून त्यांच्या ओरडण्याच्या मधोमध एक ठोका मारायचा. आणि आता त्या पोराला त्यांच्या भावावरून उतरवून ओवाळायचं नव्हतं, भावालाच त्याच्यावरून उतरवून टाकायचं होतं.

"उद्या सकाळी," त्या जावयाला म्हणाल्या. "आणि हा उद्या माझा आहे, तुमचा नाही."

मालकीणबाईंचा कारखाना म्हणजे एक लांब शेड. एका बाजूला कांदा आणि मशरूम चिरणाऱ्या बायका, दुसऱ्या बाजूला वाळवायचं मोठं यंत्र, कपाटासारखं, आत जाळीचे ट्रे. त्या यंत्राला मालकीणबाई कधी भ्यायल्या नव्हत्या. त्याचा काटा चढला की त्यांना आवाजावरून कळायचं. पण त्या सकाळी, ट्रे काढून, आतून पुसून, कांद्याचा वास जाईपर्यंत रिकामं चालवून झाल्यावर जावयानं चाक वरच्या जाळीवर ठेवलं आणि दार लावलं, तेव्हा त्यांना ते यंत्र परकं वाटलं. कुणाच्या तरी घरचा कुत्रा अंगावर यावा तसं.

"पंख्याच्या मोटारीपासून लांब ठेवलंय ना?" जावयानं स्वतःलाच विचारलं. "मोटारीत लोहचुंबक असतं. लोहचुंबक टेपचा वैरी."

"तुम्हीच ठेवलंत."

"हो. ठेवलंय." आणि दार उघडून त्यानं पुन्हा पाहिलं.

काटा पन्नाशीच्या जरा वर राहायला हवा होता. साठीकडे गेला तर काळी टेपही बिघडणार. कांद्याला पाचदहाचा फरक चालतो, म्हणून यंत्राचा काटाही तसाच, मनाला येईल तसा डुलणारा. मालकीणबाईंनी खुर्ची ओढून यंत्रासमोर ठाण मांडलं. कांदा चिरणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"मालकीणबाई, आत काय घातलंय एवढं?" त्यातल्या वयस्कर बाईनं विचारलं.

"माझ्या भावाचा मित्र."

"अगं बाई. आणि बाहेर कधी काढणार?"

"वाळला की."

बायका हसल्या, मालकीणबाई हसल्या नाहीत. हसू संपलं आणि शेडमध्ये सुऱ्यांचा आवाज तेवढा राहिला. त्या आवाजातही त्यांना ठेका ऐकू यायला लागला, लंगडा. मेलेलं माणूस ज्या यंत्रात आहे त्याच्याकडे बघत बसायचं, हे काही त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दार उघडलं तर ऊब जाणार. नाही उघडलं तर आत काय चाललंय ते कळणार नाही. त्या गाभ्याचं काय होत असेल? कडा वळायला लागल्या असतील का? आपण इथं पदर सावरून बसलोय आणि आत आपल्याच भावाचे सूर मुडपत चाललेत, असं त्यांच्या मनात आलं.

दुपारी काटा चढला. पंचावन्न, आणि थांबला नाही. आवाजात काही फरक नव्हता, म्हणून तर त्या जास्त घाबरल्या. कानानं कधी दगा दिला नव्हता. त्या उठल्या, हात दाराच्या कडीवर. उघडू की नको?

"जावईबापू."

जावई कुठं होता? शेडच्या बाहेर, कांद्याच्या पोत्यांपाशी, उकिडवा बसून, कानांत बोटं घालून. कानाची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस कानांत बोटं घालून बसलाय, हे पाहून एरवी त्यांनी त्याची वरात काढली असती.

"इकडं या. काटा."

तो धावत आला. त्यानं स्वतःचा वेगळा तापमापक आत सोडला होता, त्याची वायर दारातून बाहेर होती. त्यानं आकडा वाचला, पुन्हा वाचला. "यंत्राचा काटा खोटं बोलतोय. आत ठीक आहे. पण दार बोटभर उघडा. तरीही. बोटभरच."

त्यांनी बोटभर उघडलं. आतून ऊन वारा तोंडावर आला. त्यात कांद्याचा वास नव्हता. दुसराच काहीतरी होता, आंबूस, जुन्या लोणच्याच्या बरणीसारखा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जावई म्हणाला नाही, पण त्यांना कळलं. तो आतल्या टेपचा वास होता. ती चालली होती.

"लावा," मालकीणबाई म्हणाल्या. दार लागलं. त्या पुन्हा खुर्चीत बसल्या, आणि आता जावई त्यांच्या बाजूला जमिनीवर बसला. ऊन उतरेपर्यंत दोघं तिथंच होती. मध्ये एकदा त्या म्हणाल्या, "तुम्ही नेहमी एवढे भिता?" तो म्हणाला, "हो. यंत्र उघडताना रोज." "मग करता कशाला?" "दुसरं कुणी करत नाही म्हणून."

चाक रात्रभर निवू दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मामांच्या खोलीत टेपचं यंत्र मांडलं, त्याची वायर संगणकाला जोडली, म्हणजे जे वाजेल ते तिकडं उतरून घेतलं जाईल. लेक मामांच्या खुर्चीमागे उभी. मालकीणबाई दाराशी. बसायला जागा होती, पण बसल्या नाहीत.

जावयानं टेप ओवली. ती दोनदा सुटली. मग त्यानं हात मांडीवर घासले, तिसऱ्यांदा ओवली, आणि बटणावर बोट ठेवून थांबला. थांबलाच.

मामांनी डावा हात पुढं केला आणि त्याच्या बोटावर आपलं बोट दाबलं.

आधी नुसती खरखर. मग कुणीतरी खाकरलं. मग एक आवाज, हसऱ्या, कोवळ्या माणसाचा, "चला," म्हणाला. आणि ढोल सुरू झाला.

मालकीणबाईंना गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण हे त्यांना कळलं. तो ठेका सात पावलं चालायचा आणि आठवं टाकता टाकता मागं घ्यायचा. दर वेळी वाटायचं, आता पडला. दर वेळी तो पडत नव्हता, आणि त्याच्याखाली बास यायची, त्याला धरायला, जसं चालायला शिकणाऱ्या पोराच्या मागं माणूस अंगाला न लावता हात पुढं धरून चालतं. विजेचा पियानो वरून रिमझिमत होता. झांजेवर धडाम असा अलगद मारायचा की वाटावं कुणी पत्र्यावर मोहरी ओततंय. या माणसाच्या ठेक्यावर नाचता येत नाही म्हणे. कंपनीच्या पायांना येत नसेल.

जावई मध्येमध्ये टेप यंत्राच्या ज्या तोंडावरून जाते तिथं वाकून बघत होता, खरवडलेल्या थराची भुकटी पडतेय का म्हणून. एक तुकडा संपला आणि त्यानं पटकन यंत्र थांबवून कापसाची काडी फिरवली. काडी पांढरी. त्यानं ती मालकीणबाईंना दाखवली. त्या मान हलवून "पुढं" म्हणाल्या, आवाज न काढता.

असं तुकड्यामागून तुकडा. काळा पट्टा बारीक होत गेला. मामांचे डोळे मिटलेले, डावा हात दांडीवर. कुणी रडत नव्हतं. रडायला जी मोकळीक लागते ती त्या खोलीत नव्हती. प्रत्येकाला वाटत होतं, आपण हललो तर ती तुटेल.

मग गाभ्याजवळ पांढरी रेघ दिसली. जोड. जावयाचा अंगठा चाकावर होता. शेवटचा ठोका पडला, धडाम म्हणाला, "झालं?" आणि जावयानं चाक दाबून थांबवलं. जोड यंत्राच्या तोंडापासून वीतभर लांब होता. त्यानं कात्री घेतली आणि एका झटक्यात जोडावर टेप कापली. धडाम वाचला होता, पुरा.

आतला गाभा चाकावर राहिला. त्याच्या कडा लाटेसारख्या वळल्या होत्या, आणि तो आंबूस वास सगळ्या खोलीत.

मामांनी डोळे उघडले. गाभ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"लाव," ते म्हणाले.

लेकीनं तोंडावर हात घेतला. मालकीणबाईंच्या मनातही तेच आलं: लाव. मोडायची असेल तर मोडू दे, पण एकदा, त्याच्या एकट्याचे चार सूर तरी. भावाला ऐकू दे. मला ऐकू दे.

"लावा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "मामा म्हणतोय."

"नाही," जावई म्हणाला.

त्यांच्या घरात त्यांना नाही म्हणणारा माणूस जन्मला नव्हता. तो यंत्रापुढं आडवा उभा राहिला होता, तोंड पांढरं फटक, पण हलला नाही.

"आज लावली तर पहिल्या वळणावर तुटेल, आणि दहा ठिकाणी तुटेल. मला भीती वाटते. अशा टेपा हळूहळू, महिनोन्महिने दाबात ठेवून सरळ करणारी माणसं आहेत. मी शोधतो. झाली तर झाली, नाही झाली तर नाही. पण आज नाही. मामा, तुम्ही कितीही म्हणा. आई, तुम्हीही."

मामांनी जावयाकडे पाहिलं, मग चाकाकडे. मग डाव्या हातानं मांडीवरचा चेंडू शोधला, उचलला आणि हळूहळू, नीट, उजव्या निर्जीव हाताच्या तळव्यात ठेवला. उजवी बोटं त्याभोवती मिटली नाहीत. पण चेंडू तिथं राहिला.

"कधी?" मामांनी विचारलं.

जावयानं तोंड उघडलं आणि तो नेहमीचा शब्द ओठांवर आला. तो त्यानं गिळला. "माहीत नाही," तो म्हणाला.

मालकीणबाई दारातून पुढं आल्या. चाक उचललं, गाभ्याकडे निरखून पाहिलं, आणि ते स्वच्छ फडक्यात गुंडाळून जावयाच्या हातात दिलं.

"तुम्ही भित्रे आहात, जावईबापू," त्या म्हणाल्या. "मी पहिल्या दिवसापासून सांगतेय आणि आजही तेच सांगते. आज आम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या भावाचे तुकडे केले असते. म्हणून तुम्ही असेच भित्रे राहा, आणि पुन्हा मी 'लावा' म्हटलं तरी ऐकू नका."